मुलीच्या आतड्याला सूज आहे. प्रतिकारशक्ती वाढवायची की दाबायची?

बागायतदार_निफाड
१६ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. इथे नेहमी द्राक्षावरच्या डावण्या आणि भुरी रोगांच्या धाग्यांवर लिहितो, आज आरोग्य विभागात पहिल्यांदाच आलोय.

मुलगी एकवीस वर्षांची. नाशिकला गंगापूर रोडला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन शिकते. जूनपासून तिला शौचातून रक्त पडत होतं आणि तिने ते कोणालाच सांगितलं नाही. पोळ्याला घरी आली तेव्हा ताटातली पुरणपोळी तशीच ठेवून उठली. रात्रीतून चार वेळा बाहेर जाताना तिच्या आईने पाहिलं, तेव्हा कुठे बोलली. आधी आव समजून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. फरक पडेना म्हणून सप्टेंबरमध्ये दुर्बिणीची तपासणी केली. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे सूज आणि जखमा, निघाला. शौचाच्या तपासणीत कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे सुजेचं माप, १८४० आलं, बाजूला लिहिलं होतं ५०च्या आत हवं.

आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या आणि स्टेरॉइड चालू झालं. ४० मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला ५ने कमी करायचं होतं. १०वर आलो की रक्त पुन्हा सुरू, म्हणून परत २०वर नेलंय. आता डॉक्टर अझाथायोप्रिन सुरू करू म्हणतात. त्यांचे शब्द असे, "तिच्याच पांढऱ्या पेशी तिच्या आतड्यावर तुटून पडल्यात, त्या थोड्या दाबाव्या लागतील."

इकडे ओझरचे मेहुणे गुळवेलीच्या काढ्याच्या दोन बाटल्या घेऊन आले. म्हणतात पोरीची प्रतिकारशक्ती पार खचलीय, ती वाढवा. घरात सगळ्यांना त्यांचंच पटतंय, कारण पोरगी दिसतेच तशी. वजन ५२चं ४३ झालंय. एवढ्या अशक्त पोरीची ताकद औषधाने आणखी दाबायची, हे तिच्या आईच्या गळी उतरत नाही. माझ्याही उतरत नाही.

त्यात गेल्या महिन्यात पेपरात नोबेलची बातमी वाचली, की शरीरात काही पेशी बाकीच्या पेशींना आवरून धरतात. मग हिच्या त्या पेशी कुठे गेल्या? डॉक्टर घाईत असतात, एवढं बोलायला वेळ मिळत नाही. शेवटच्या भेटीत ते ओझरतं म्हणाले की आतड्यातल्या जिवाणूंचाही यात हात असतो. जिवाणू म्हटलं की आम्हाला आपलं शेत आठवतं. आम्ही ठिबकमधून ट्रायकोडर्मा बुरशी, स्युडोमोनास जिवाणू सोडतो, मुळ्या चांगल्या राहतात. तसं काही पोटासाठी असतं का? चांगले जिवाणू देऊन ही पेटलेली आग विझत असेल तर ते कडक औषध कशाला द्यायचं?

कोणी जाणकार असेल तर समजावून सांगा. सोपं करून सांगितलं नाही तरी चालेल, खरं सांगा.

---

सिडकोकर
१६ नोव्हेंबर, रात्री ११:३५

काका, मला हाच आजार २०१४पासून आहे. शास्त्र मला सांगता येणार नाही, अनुभव सांगतो.

२०१८मध्ये दीड वर्ष ठणठणीत होतो म्हणून गोळ्या माझ्या मनाने बंद केल्या. तीन महिन्यांत एवढा उसळला की अकरा दिवस दवाखान्यात होतो, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. गोळ्या ही सूज उतरल्यावर बंद करायची गोष्ट नाही. स्टेरॉइड तर एका दिवसात अजिबात थांबवू नका, ते पायरी पायरीनेच उतरवावं लागतं.

दुसरं, डाव्या भागातला आजार असेल तर मेसालामाइनचा एनिमा रात्री झोपताना घेतात. गोळीबरोबर तो घेतला की नुसत्या गोळीपेक्षा जास्त गुण येतो. डॉक्टरांनी लिहून दिलाय का बघा. दिला असेल तर ती खरंच घेतेय का, हे काकूंना हळूच विचारायला सांगा. खोलीत तीन मुली आणि बाथरूम एकच असेल तर लाजेपायी टाळलं जातं. मी स्वतः सहा महिने टाळला होता.

आणि तिला एकटं पडू देऊ नका. निफाडच्या बसमध्ये बसायचीही भीती वाटते या आजारात, वाटेत लागली तर काय करायचं म्हणून. मी दोन वर्षं नाशिकच्या द्वारका चौकाच्या पलीकडे गेलो नव्हतो. आज सातपूरला कारखान्यात पाळी करतो, रविवारी मिसळही खातो. बरे दिवस येतात काका.

---

नाशिकरोडची_बाई
१७ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

दादा, मी एकतीस वर्षं महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण हा विषय माझ्या घरातला आहे. धाकट्या भावाला क्रोन्स आजार आहे, आतड्याच्या सुजेचाच दुसरा प्रकार. सुरुवातीला त्याला आतड्याचा टीबी समजून नऊ महिने टीबीची औषधं दिली गेली. दुर्बिणीतून दोन्ही इतके सारखे दिसतात की आपल्याकडे हा घोळ पुष्कळदा होतो. तेव्हापासून मी यावर वाचत आलेय. तुम्ही खरं सांगा म्हणालात, म्हणून सविस्तर लिहिते.

"कमी" आणि "जास्त" हे दोन्ही शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा, कारण आतड्यात या पेशींचं काम लढण्यापेक्षा न लढण्याचं जास्त आहे. माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आहेत, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षाही थोडे जास्तच. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. त्यांच्यात आणि आपल्या रक्तात अंतर किती? जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर, आणि तेही दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. अस्तरावर शेंबडासारखा बुळबुळीत थर असतो. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर. वरच्या सैल पदरात जिवाणू राहतात, आतल्या घट्ट पदरात जवळजवळ एकही नसतो. याशिवाय आतडं रोज काही ग्रॅम आयजीए नावाची प्रतिपिंडं त्या थरात सोडतं. ती जिवाणूंना चिकटतात आणि अस्तरापासून लांब धरतात.

तरीही काही जिवाणू आत शिरतातच. अस्तराखाली मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, बसलेल्या असतात. त्या जिवाणूला गिळून टाकतात आणि गप्प राहतात. हे गप्प राहणं फार महत्त्वाचं आहे. तोच जिवाणू हाताच्या जखमेत शिरला तर तिथे लाली, सूज, पू असं सगळं होईल. आतड्यात दिवसभर तसं होत राहिलं तर माणूस जगणारच नाही.

ही शांतता कोण राखतं, ते उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. १९९३मध्ये फियोना पॉवरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या लिम्फोसाइट (एका जातीच्या पांढऱ्या पेशी) नसलेल्या उंदरांना निरोगी उंदरांच्या टी पेशींमधला, म्हणजे लिम्फोसाइटच्याच एका प्रकारातला, ठराविकच गट दिला. त्या उंदरांच्या मोठ्या आतड्याला भयंकर सूज आली. उरलेला दुसरा गटही सोबत दिला तेव्हा सूज आली नाही. म्हणजे त्या दुसऱ्या गटात आवरणाऱ्या पेशी होत्या. तुम्ही बातमीत वाचलं ते याच पेशींबद्दल. शिमोन साकागुची यांनी १९९५मध्ये त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. २००१मध्ये मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना फॉक्सपी३ नावाचं जनुक सापडलं. ते बिघडलं की या नियामक टी पेशी तयारच होत नाहीत. ज्या बाळांमध्ये हे जनुक जन्मतः बिघडलेलं असतं, त्यांच्या आजारातली एक मोठी खूण म्हणजे न थांबणारे जुलाब. आवर सुटला की झळ बसणाऱ्या पहिल्या जागांत आतडं असतं, ते असं.

आता जिवाणूंकडे येते. मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवून सोडणारा भाग हाच आहे.

आवरणाऱ्या पेशी एक निरोप सोडतात, इंटरल्युकिन-१०. भक्षक पेशींना तो पोचला की त्या गप्प राहतात. हा निरोप ज्यांना तयारच करता येत नाही अशा उंदरांना मोठ्या आतड्याची सूज येते. पण तेच उंदीर पूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवले, पोटात एकही जिवाणू नाही, तर सूज येत नाही. यावरून वाटेल की सगळा दोष जिवाणूंचा. तुमच्या मुलीला सुरुवातीला अँटिबायोटिक देताना विचार साधारण असाच असतो. मात्र २०११मध्ये जपानच्या केन्या होंडा यांच्या गटाने निर्जंतुक उंदरांच्या पोटात क्लॉस्ट्रिडिया कुळातले, आतड्यात एरवी निमूट राहणारे जिवाणू सोडले, आणि मोठ्या आतड्यातल्या आवरणाऱ्या पेशी वाढल्या. त्याआधी २००९मध्ये दुसऱ्या एका जिवाणूने, जो धाग्यासारखा लांबट असतो, लहान आतड्यात उलट जातीच्या, भडकणाऱ्या टीएच१७ पेशी वाढवलेल्या दिसल्या होत्या. म्हणजे आग लावायला जिवाणू लागतात आणि आग आवरणाऱ्या पेशी भरपूर घडवायलाही जिवाणूच लागतात. कोण वस्तीला आहे आणि काय खातंय, यावर ते ठरतं.

खाण्याचं सांगते, कारण तिथे तुमचं शेत कामाला येईल. तुम्ही ट्रायकोडर्मा सोडता, पण जमिनीत सेंद्रिय कर्बच नसेल तर ती किती दिवस टिकते? पोटातही हाच हिशोब आहे. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात जातो. तिथले जिवाणू तो आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन तेच. शिवाय ते आतल्या नवख्या टी पेशींपर्यंत पोचलं की फॉक्सपी३ जनुक उघडं राहायला मदत करतं, आणि ती पेशी आवरणाऱ्या जातीची व्हायचा संभव वाढतो. २०१३मध्ये एकाच वर्षात तीन वेगवेगळ्या गटांनी जिवाणूंच्या या आम्लांचा नियामक पेशींशी असलेला संबंध दाखवला. ब्युटिरेट करणारा एक जिवाणू, फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झाय, क्रोन्सच्या रुग्णांत कमी झालेला आढळतो.

आणि यातच ते दुष्टचक्र आहे. अस्तराच्या पेशी ब्युटिरेट जाळताना प्राणवायू वापरून टाकतात, म्हणून आतड्याच्या पोकळीत प्राणवायू जवळपास नसतो. चांगल्या जिवाणूंना तसंच हवं असतं, प्राणवायू त्यांना मारतो. सूज आली की अस्तर बिघडतं, प्राणवायू झिरपतो, चांगले मरतात आणि ई. कोलायच्या कुळातले फोफावतात. ब्युटिरेट आणखी घटतं. आतला घट्ट पदर विरतो, जिवाणू थेट अस्तराला भिडतात. रक्तातून नव्या पांढऱ्या पेशी धावत येतात, आणि त्या गप्प राहायला शिकलेल्या नसतात. तुमच्या रिपोर्टातलं १८४० हे त्यांचंच माप आहे. कॅल्प्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या पेशींमधलं प्रथिन, त्या आतड्यात जितक्या उतरतील तितकं शौचात जास्त.

"हिच्या आवरणाऱ्या पेशी कुठे गेल्या?" असं तुम्ही विचारलंत. बहुधा त्या आहेत तिथेच आहेत. कोलायटिसच्या सुजलेल्या भागाचा तुकडा तपासला तर त्या पुष्कळदा नेहमीपेक्षा जास्तच दिसतात, पण गोंधळात त्यांचं कोणी ऐकत नाही. म्हणूनच औषधाची गरज पडते. जोवर गोंगाट कमी होत नाही, तोवर अस्तर भरून येत नाही. अस्तर भरलं नाही तर चांगले जिवाणू परत वस्तीला येत नाहीत. तुमच्या डॉक्टरांचं औषध आणि तुमचा जिवाणूंचा विचार एकमेकांच्या विरोधात नाहीत दादा. क्रम मात्र आधी औषध, मग जिवाणू असाच ठेवावा लागेल.

पोरगी अशक्त दिसतेय ती रक्त गेल्याने, अन्न अंगी न लागल्याने आणि सूज स्वतःच ताकद खाते म्हणून. प्रतिकारशक्ती खचल्याची ती खूण नव्हे. हे तिच्या आईला माझ्या वतीने नक्की सांगा.

---

बागायतदार_निफाड
१७ नोव्हेंबर, रात्री ९:२०

ताई, तुमचं लिखाण घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सेंद्रिय कर्बाचं ऐकून बायको म्हणाली, मग उद्यापासून ज्वारीची भाकरी आणि मटकी सुरू करते. करू का? आणि दुकानात प्रोबायोटिकच्या, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या, पुड्या मिळतात त्यांचं काय? आणखी एक खटकतंय. अझाथायोप्रिनने भडकलेल्या पेशी दबतील, पण मग आवरणाऱ्याही दबणार नाहीत का?

सिडकोकर भाऊ, एनिमा लिहून दिलेला होता. ती घेत नव्हती. तिची आई उद्या आठ दिवसांसाठी तिच्या खोलीवर राहायला जातेय.

---

नाशिकरोडची_बाई
१८ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

शेवटचा प्रश्न फार नेमका विचारलात. अझाथायोप्रिन पेशीला विभागण्यासाठी लागणाऱ्या डीएनएच्या कामात अडथळा आणतं. त्यामुळे ज्या पेशी त्या वेळी भराभर वाढतायत त्यांना ते जास्त लागतं, आणि पेटलेल्या आतड्यात त्या भडकलेल्या टी पेशी असतात. निवड अगदी अचूक नसते, म्हणून धोकाही असतो. सुरुवातीला वरचेवर पांढऱ्या पेशी आणि यकृताची तपासणी करावी लागते, ती एकही चुकवू नका. सुरू करण्याआधी डॉक्टरांना एनयूडीटी१५ या जनुकाच्या तपासणीबद्दल विचारा. आपल्या आशियाई लोकांत त्यातला एक बदल पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतो. तो असेल तर नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी एकदम घसरतात, केस झडतात. औषधाचा पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर धीर धरा.

काढा तूर्त नकोच. मेहुण्यांचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नका. पण २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो वाद कसाही सुटो, ज्या गोळीसाठी यकृतावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं आहे, तिच्यासोबत दुसरा संशय कशाला वाढवायचा? उद्या यकृताचा रिपोर्ट बिघडला तर दोष कशाचा हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि सध्या तिला ज्या पेशी वाढायला नको आहेत, त्याच वाढवण्याचं औषध म्हणून तो काढा दिला जातोय.

भाकरी आणि मटकी आत्ता नको. रक्त पडत असताना भरड चोथा दुखवतो. सध्या मऊ भात, मुगाची पातळ डाळ, शिजवलेला दुधी, भोपळा, केळं, अंडं चालत असेल तर अंडं. रक्त थांबून काही आठवडे झाले की डॉक्टरांना विचारून थोडं थोडं वाढवा. तेव्हा भाकरी नक्की द्या. आजार शांत असताना कायम मैदा आणि पांढरा भात खाणं हीसुद्धा चूकच. उंदरांत दिसलंय की चोथा मिळाला नाही तर काही जिवाणू आतड्याचा तो बुळबुळीत थरच खायला लागतात.

पुड्यांबद्दल. जर्मनीच्या आल्फ्रेड निसले यांनी पहिल्या महायुद्धात जुलाबाच्या साथीत आजारी न पडलेल्या एका सैनिकाच्या पोटातून ई. कोलायचं एक वाण काढलं होतं, निसले १९१७. आजार शांत ठेवण्यात ते मेसालामाइनच्या जवळपास उतरल्याचं काही चाचण्यांत दिसलं. बघा, ई. कोलायच, पण वाण वेगळं. थॉमसन द्राक्षाला द्यायचं ते सगळ्याच जातींना तुम्ही देत नाही, तसंच हे. दुकानातली कुठलीही पुडी म्हणजे ते वाण नव्हे. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२०मध्ये सांगितलं की कोलायटिससाठी प्रोबायोटिक तूर्त फक्त वैद्यकीय चाचण्यांमध्येच वापरावेत. निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू आतड्यात सोडण्याचा उपचारही अभ्यासला जातोय. दिल्लीच्या एम्सने २०२२मध्ये सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या ६६ रुग्णांवरचा अभ्यास छापला, त्यात ठराविक आहारासोबत हा उपचार केल्यावर चांगला गुण दिसला. दात्याची कडक तपासणी करून रुग्णालयातच करायची ती गोष्ट आहे. कोणी घरी करायला सांगितलं तर ऐकू नका.

घरचं ताजं ताक पचत असेल तर द्या. औषध म्हणून देऊ नका, जेवण म्हणून द्या.

---

बागायतदार_निफाड
२१ डिसेंबर, रात्री ८:४५

उशिरा लिहितोय, बागेत विरळणीची गडबड होती.

डॉक्टरांना एनयूडीटी१५चं विचारलं. त्यांनी मुलीकडे बघून "तुझे वडील अभ्यास करून आलेत" म्हटलं आणि तपासणी लिहून दिली. रिपोर्ट नॉर्मल आला, त्यानंतरच गोळी सुरू केली. दोन रक्ततपासण्या झाल्या, पांढऱ्या पेशी ५८००, यकृत ठीक. एनिमा रोज चालू आहे. स्टेरॉइड ७.५वर आलंय आणि या वेळी १०च्या खाली जाऊनही रक्त नाही. कॅल्प्रोटेक्टिन ४१० आहे. वजन ४५.

मेहुण्यांना मीच फोन केला. भडकणाऱ्या आणि आवरणाऱ्या पेशींचं जमेल तसं सांगितलं. ते गप्प ऐकत राहिले, मग म्हणाले, "मग तिला चालेल ते सांग, तेच आणतो." काल ओझरहून दुधी आणि केळी घेऊन आले.

ताई, दिवसातून दोनदाच शौचाला जाते आता. भाकरीचं डॉक्टरांना जानेवारीच्या भेटीत विचारणार आहे. तोवर बायकोने ज्वारीचं पीठ दळून ठेवलंय.